पदार्थांच्या यादीत नसलेली नावे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डॉर्सेट नावाचा परगणा आहे. त्यातील टॉलपडल या खेड्याचे नाव कामगार चळवळीचा इतिहास चाळलेल्या कोणाही कार्यकर्त्याच्या कानावरून गेलेले असते. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठांवरून सात अशी घसरत गेली आणि आता ती सहावर येईल असे मालकांनी बजावले, तेव्हा या गावच्या शेतमजुरांनी संघटना बांधली. संघटना बांधणे हा त्या काळी गुन्हा राहिला नव्हता. म्हणून आरमारातील बंडाळी मोडण्यासाठी १७९७ साली केलेला, बेकायदा शपथांविरुद्धचा एक कायदा शोधून काढण्यात आला आणि १८३४ च्या मार्च महिन्यात सहा मजुरांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावून ऑस्ट्रेलियाकडे रवाना करण्यात आले. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, सह्यांच्या मोहिमा झाल्या आणि १८३६ साली सरकारला माफी जाहीर करावी लागली.

२०२५ च्या ऑक्टोबरात मला या गावी जाण्याचा योग आला. माझा भाचा त्या बाजूच्या एका सरकारी रुग्णालयात नोकरीस आहे. मामाला काय दाखवावे हे त्याला पक्के ठाऊक! ज्या झाडाखाली हे मजूर जमत ते सिकामोरचे झाड अजून उभे आहे. शताब्दीच्या निमित्ताने १९३४ साली ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसने निवृत्त शेतमजुरांसाठी बांधलेली सहा घरे रस्त्यालगतच आहेत. चर्चच्या आवारात जेम्स हॅमेटचे थडगे आहे. सहांपैकी हा एकटाच गावात परतून कायमचा राहिला. बाकीचे पुढे कॅनडात गेले. म्हातारपणी दृष्टी गेल्यावर हॅमेट डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी कोंडवाड्यात, दाखल झाला आणि १८९१ साली तेथेच वारला.

हे सारे पाहून झाल्यावर दुपारी भाचा आणि सूनबाई मला काही मैलांवरच्या एका खेड्यात जेवायला घेऊन गेले. त्यांनी जागा आठवडाभर आधी राखून ठेवली होती. हे स्थळ म्हणजे हॉटेल नव्हे, पबच; परंतु अलीकडे ज्याला ‘गॅस्ट्रोपब’ म्हणतात त्या जातीचा, म्हणजे दारूपेक्षा जेवणासाठी नावाजलेला. गवताने शाकारलेले छप्पर, आत शेकोटी, जुन्या फळ्यांची मेजे. भिंतीवर शोभेसाठी कणसे झोडपण्याचे जुने लाकडी दांडके टांगलेले. त्या दांडक्याकडे पाहून मला थोडे अवघडल्यासारखे झाले. मळणीचे हे काम हीच दक्षिण इंग्लंडमधील मजुराची हिवाळ्याची कमाई होती. ती यंत्रांनी हिरावली, म्हणून १८३० साली मजुरांनी ठिकठिकाणी यंत्रे फोडली. त्यापायी १९ जणांना फाशी झाली आणि पाचशेच्या जवळपास लोकांना समुद्रापार धाडण्यात आले. टॉलपडलचे प्रकरण घडले ते या दंग्याच्या अवघ्या चार वर्षांनंतर. आता ते दांडके पॉलिश करून शेकोटीच्या वर लावले आहे.

मेजावर आलेली पदार्थांची यादी म्हणजे एक छोटेखानी भूगोलच होता. खेकडा पोर्टलंडच्या किनाऱ्यावरचा. ससा अमुक इस्टेटीच्या रानातला. मेंढीचे मांस तमुक दुर्मीळ जातीचे आणि फलाण्या शेतावरचे. वॉटरक्रेस नावाची पालेभाजी कोणत्या झऱ्याच्या पाण्यात वाढली, चीज कोणत्या गावचे, सफरचंदे कोणत्या बागेतली, बटाटे कोणत्या वाणाचे, हे सारे लिहिलेले होते. सर्वात वर मुख्य आचाऱ्याचे नाव होते आणि तळाशी एक ओळ होती, तिचा आशय असा की आम्ही जे वाढतो ते शक्य तेवढे याच परिसरातले आणि ब्रिटनमधलेच असते. मी यादी दोनदा वाचली. जमीनमालकाचे नाव होते, मेंढीच्या जातीचे नाव होते, बटाट्याच्या वाणाचेही नाव होते. खेकडा पकडणाऱ्याचे, कंद उपटणाऱ्याचे, आतल्या खोलीत भांडी घासणाऱ्याचे नाव मात्र नव्हते.

या परगण्याचा थोर लेखक टॉमस हार्डी टॉलपडलपासून थोड्याच मैलांवर जन्मला. डॉर्सेटच्या शेतमजुरांवर त्याने १८८३ साली एक निबंध लिहिला होता. शहरातील सुशिक्षित मंडळी साऱ्या शेतमजुरांना ‘हॉज’ या एकाच नावाने ओळखतात, जणू ती एकाच साच्यातून काढलेली बाहुली आहेत. परंतु त्यांच्यात जाऊन राहिल्यास प्रत्येक माणूस निराळा निघतो, असे त्याचे प्रतिपादन होते. आज कोणी ‘हॉज’ म्हणत नाही. बटाट्याला वाणाचे नाव मिळाले आणि हॉजचे ते एक नावही गेले, एवढाच काय तो फरक.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जेवण अप्रतिम होते. मी कोकणात वाढलेला माणूस, खेकड्याच्या बाबतीत मला सहसा कोणी प्रभावित करू शकत नाही. परंतु मसाल्याचा आधार न घेता निव्वळ ताजेपणावर उभे केलेले ते पदार्थ खाताना आचाऱ्याच्या हाताला दाद द्यावीच लागली. चांगले खाणे हा भांडवलशाहीचा दुर्गुण आहे अशी एक समजूत आपल्या चळवळीत बरीच वर्षे नांदली. शिबिरात आमटी जितकी पातळ तितकी निष्ठा जाड, असा हिशेब मांडणारे व्यवस्थापक वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील. मला हा हिशेब कधीच पटला नाही. जवळच्या मातीत पिकलेले, ऋतूनुसार मिळणारे, कष्टाने आणि कौशल्याने रांधलेले अन्न ही समाजवाद्यांनी तुच्छ मानावी अशी गोष्ट नसून सर्वांसाठी मागावी अशी गोष्ट आहे. माझी तक्रार ताटाविषयी नाही. त्या ताटातील एकेका पदार्थाचा इतिहास उलगडून पाहिला, तर जे कोणे एके काळी मजुराकडून हिसकावून घेतले, किंवा मजुराच्याच माथी मारले, तेच आता ‘स्थानिक’ या नावाखाली दुसऱ्या कोणाला तरी विकले जात आहे असे दिसते, आणि तक्रार तेवढ्यापुरती आहे.

सशाचेच पाहा. गावाची गायराने आणि सामायिक राने कुंपणे घालून खासगी करण्याचे कायदे ब्रिटिश पार्लमेंटने १६०४ ते १९१४ या काळात पाच हजारांहून अधिक केले, आणि इंग्लंडच्या सुमारे एकपंचमांश भूमीला ते लागू झाले. त्यापूर्वी गरिबाला रानातून जळण, चराई, क्वचित भांड्यात टाकायला काही तरी मिळे. कुंपणे पडल्यावर तेच घेणे ही चोरी ठरली. रात्रीच्या शिकारीविरुद्धच्या १८२८ च्या कायद्यात शिकारीची पाखरेच काय, ससेसुद्धा होते आणि तिसऱ्यांदा सापडणाऱ्याला काळ्या पाण्याची शिक्षा होती. घरात भुकेलेली मुले असलेला मजूर रात्री सशाला फासा लावी आणि पकडला गेला तर ज्याचे रान त्याच्याच जातभाईसमोर, कारण न्यायदानाला बसणारे बहुधा जमीनदारच असत, उभा केला जाई. माझ्यापुढील सशाच्या मांसासोबत ज्या इस्टेटीचे नाव अभिमानाने छापले होते ती कशी आणि केव्हा तयार झाली हे मला ठाऊक नाही आणि तिच्यावर मी काही आरोपही करीत नाही. परंतु गाय श्रबसोल या लेखकाने २०१९ साली नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष असा की इंग्लंडची निम्मी जमीन लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी लोकांच्या हाती आहे. तेव्हा ‘स्थानिक’ ससा हा बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी मालकीचाच ससा असणार.

चीजची गोष्ट याच्या उलट. ‘ब्लू व्हिनी’ हे डॉर्सेटचे निळसर शिरांचे कडक चीज. दुधावरची साय काढून तिचे लोणी बाजारात जाई आणि मागे उरलेल्या निःसत्त्व दुधाचे हे चीज बने. ते गड्यामाणसांच्या खाण्यातले. आपल्याकडे लोणी विकून घरी ताक प्यावे, तसाच हा प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जवळजवळ नाहीसे झाले होते. १९८० च्या सुमारास एका शेतकऱ्याने पुन्हा बनवायला घेतले. त्या शेतकऱ्याचे कौतुकच केले पाहिजे. माझ्या ताटात त्याचा सुपारीएवढा तुकडा आला, मधात भिजवलेल्या अक्रोडासह, आणि त्याची किंमत वेगळी लावलेली होती.

आणि स्वीड. हा सलगमच्या कुळातील पिवळसर गराचा कंद, थंडीत निघणारा, एरव्ही गुराढोरांच्या चाऱ्याचा. हार्डीची ‘टेस’ ज्यांनी वाचली असेल त्यांना फ्लिंटकोम-अ‍ॅशचे ते ओसाड, गोठलेले शेत आठवेल, जेथे टेस आणि तिची सोबतीण पावसात भिजत हे कंद खणतात. ती कादंबरी पुस्तकरूपाने आली ते साल १८९१, म्हणजे जेम्स हॅमेट वर्कहाउसमध्ये वारला तेच. माझ्या ताटात स्वीड लोण्यात घोटून, चाळणीतून गाळून, चमच्याच्या पाठीने एखाद्या सुबक स्वल्पविरामासारखा ओढलेला होता. मऊ आणि गोडसर होता, हेही सांगतो.

आता खुद्द पबविषयी. पब म्हणजे पब्लिक हाउस, सार्वजनिक घर. ज्याच्या स्वतःच्या झोपडीत चार माणसे बसू शकत नव्हती त्या मजुराची ती बैठकीची जागा. मदतनिधी मंडळांच्या सभा तेथे होत, युनियनच्या शाखा तेथे भरत. १८७२ च्या फेब्रुवारीत वॉरिकशरमधील वेल्सबर्न गावी जोसेफ आर्च या शेतमजुराने जी सभा घेतली ती पबमध्येच व्हायची होती. हजारोंनी माणसे लोटल्यामुळे ती बाहेर चेस्टनटच्या झाडाखाली घ्यावी लागली आणि डुकरे कापण्याच्या चौरंगावर उभा राहून आर्च बोलला. त्यातून राष्ट्रीय शेतमजूर युनियन उभी राहिली. (आर्च काय किंवा टॉलपडलचे पुढारी काय, हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते हे खरे, पण गाव जेथे जमतो तेथे जाण्याचा विटाळ आर्चने मानला नाही. आपल्या काही मित्रांनी यावर विचार करावा.)

या सार्वजनिक घराचे भोजनगृह कसे झाले त्याची हकीकत थोडक्यात अशी. ब्रिटनमधील बहुतेक पब मद्य गाळणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे होते आणि चालकाने त्यांचीच बिअर विकली पाहिजे असे बंधन असे. १९८९ साली मक्तेदारीविरोधी आयोगाच्या अहवालावरून थॅचर सरकारने हुकूम काढला की दोन हजारांहून अधिक पब असलेल्या कंपन्यांनी वरच्यांपैकी निम्मे पब या बंधनातून मोकळे करावेत. मक्तेदारी मोडेल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात कंपन्यांनी पब विकले आणि ते घेऊन मद्य न गाळणाऱ्या, केवळ जागा आणि कर्ज यांचा व्यापार करणाऱ्या नव्या प्रचंड कंपन्या उभ्या राहिल्या. चालकाच्या मानेवरचे जू तेच राहिले, फक्त जू धरणारा हात बदलला. या उलथापालथीत काही जागा स्वस्तात मिळाल्या. १९९१ साली लंडनमधील फॅरिंग्डन रोडवर ‘द ईगल’ हा पब दोन मित्रांनी असाच घेतला आणि तेथे चांगले जेवण द्यायला सुरुवात केली. ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द त्याच्यापासून रूढ झाला. टेबलावर पांढरी चादर नाही, ताटेवाट्या जुळत नाहीत, पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले, भाव आटोक्यात. म्हणजे आरंभी ही कल्पना लोकशाही वळणाचीच होती. उंची भोजनगृहांचा दिमाख तिला नको होता.

शहरातून ती खेड्यात गेली. २००१ साली हेरफर्डशरमधील टिटली गावच्या पबला मिशेलिनचा तारा मिळाला, पबला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. २०११ च्या ऑक्टोबरात मार्लोच्या एका पबला दोन तारे मिळाले. दरम्यान साधे पब मरत होते. २००० साली देशात साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. बाजारात स्वस्त डबाबंद बिअर, घरभाड्याची चढती कमान, खेड्यातील घरे सुट्टीपुरती येणाऱ्या शहरी लोकांनी विकत घेतलेली. मग संध्याकाळी दोन ग्लासांवर तीन तास बसणाऱ्या गावकऱ्याच्या जिवावर पब चालणार कसा? चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात, दार लावून घेणे किंवा दारातून आत येणारी माणसे बदलणे. आम्ही जेवत होतो त्या दालनात गावातला म्हणता येईल असा एकच वृद्ध गृहस्थ होता. दाराजवळच्या उंच स्टुलावर, कुत्र्यासह. त्याच्यासमोर यादी नव्हती.

तेव्हा ‘स्थानिक’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आहे. खेकडा स्थानिक, कंद स्थानिक. कंद काढणारा? ब्रिटन आपल्या अन्नापैकी किमतीच्या हिशेबाने सुमारे ६० टक्केच स्वतः पिकवतो, आणि तेवढे शेतातून काढायलाही त्याला परदेशी हात लागतात. पूर्वी पूर्व युरोपातून मजूर येत. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सुमारास, २०१९ साली, हंगामी मजुरांसाठी अडीच हजार परवान्यांची योजना सुरू झाली. २०२३ साली फळबागा आणि भाजीपाल्यासाठीच्या परवान्यांची मर्यादा ४५ हजारांवर गेली होती. परवाना सहा महिन्यांचा. माणसे किरगिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, इंडोनेशिया, नेपाळ येथून येतात, प्रवासाचे आणि कित्येकदा दलालीचे कर्ज डोक्यावर घेऊन, आणि बहुधा शेतावरच्याच तात्पुरत्या डब्यांसारख्या घरांत राहतात. हंगाम संपला की परत. आपल्या ऊसतोड कामगाराची कोयता आणि उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

हा बेनामपणा कधी कधी जिवावर बेततो. २००४ च्या ५ फेब्रुवारीस लँकेशरच्या मोरकंब उपसागरात रात्री कॉकल नावाच्या शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले. कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतली. ती अस्सल स्थानिक, त्याच वाळूत वाढलेली. वेचणारे फूचिएनचे, आणि भरती केव्हा चढते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्यानंतर मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा त्याच वर्षी झाला. माणसे मेल्यावर कायदा, हा क्रम त्या देशातही चुकलेला नाही.

याहून महत्त्वाची, आणि खुद्द ब्रिटनमध्येही फार थोड्यांच्या लक्षात राहिलेली, गोष्ट २०१३ सालची आहे. ॲटलींच्या मजूर सरकारच्या १९४८ च्या कायद्याने शेतमजूर वेतन मंडळाला पक्का आकार दिला होता. त्यात मालकांचे आणि मजुरांचे प्रतिनिधी समोरासमोर बसत आणि वेतन, जादा कामाचा दर, आजारपणाची रजा, मालकाच्या घरात राहणाऱ्या मजुराकडून किती भाडे कापावे, हे सारे ठरवीत. १९९३ साली इतर धंद्यांतील वेतन मंडळे रद्द झाली तेव्हाही हे एक वाचले. २०१३ साली हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या संयुक्त सरकारने तेही इंग्लंडपुरते मोडीत काढले. वेल्सच्या विधिमंडळाने मात्र स्वतःचा कायदा करून अशी व्यवस्था राखली. लंडन सरकारने त्याला आव्हान दिले तेव्हा २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वेल्सच्या बाजूने निकाल दिला. स्कॉटलंडचे मंडळही कायम राहिले. म्हणजे टॉलपडल ज्या देशात आहे, त्याच देशात शेतमजुराला मालकासमोर बसून मजुरी ठरवण्याचे मेज उरले नाही. ज्या दशकात ‘स्थानिक अन्ना’चा गजर टिपेला पोहोचला, त्याच दशकातली ही घटना. दर वर्षी जुलैत टॉलपडलला मेळावा भरतो, बॅनर फडकतात, गाणी होतात. मेज परत आले नाही.

कोणी म्हणेल, उत्तम जेवण महागच असणार. सर्वांना ते कसे मिळेल? त्यावर ब्रिटनच्याच इतिहासात एक उत्तर आहे. १९४० साली लंडनवर बाँब पडू लागले तेव्हा घरे गमावलेल्यांसाठी सार्वजनिक भोजनालये सुरू झाली. त्यांना प्रथम ‘सामुदायिक भोजन केंद्र’ असे नाव देण्यात आले होते. चर्चिलला त्यात साम्यवादाचा वास आला, त्याने ते बदलून ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ केले! नगरपालिका ती चालवीत. १९४३ साली अशी दोन हजारांहून अधिक भोजनालये होती, रोज सहा लाखांच्या आसपास माणसे तेथे जेवत आणि पूर्ण जेवण साधारण नऊ पेन्सांना मिळे. १९४२ पासून आणखी एक नियम होता. कोणत्याही हॉटेलात एका जेवणाची किंमत पाच शिलिंगांवर जाता कामा नये. लक्षाधीशाने खाल्ले तरीही पाच शिलिंग. उंची हॉटेलांनी त्यातही बसण्याची जागा आणि वाद्यवृंद यांचा आकार लावून पळवाट काढलीच. तरीही आज त्या देशात कोणी असा नियम सुचवला तर त्याला वेडा ठरवतील. त्या वेळी तो हुजूर पक्षाच्या पंतप्रधानाच्या राज्यात अमलात होता.

त्या व्यवस्थेला सोन्याने मढवण्याचे कारण नाही. ज्या १९४३ साली लंडनचा कारकून नऊ पेन्सांत पोटभर जेवत होता त्याच साली त्याच साम्राज्याच्या बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी मेली. भारतीय वाचकाला हे विसरता येणार नाही, विसरूही नये. शिवाय खुद्द ब्रिटनमध्ये सरकारने युद्धकाळात सारे दूध एकाच ठरावीक चीजकडे वळवल्यामुळे गावोगावची शेकडो चीजे बुडाली. ब्लू व्हिनीसारख्यांच्या अस्ताला ते धोरणही कारण होते. नियोजनकर्त्यांना पोषणमूल्य मोजता येत होते, चव मोजता येत नव्हती, आणि जे मोजता येत नाही ते नाहीच असे धरण्याची सवय आपल्याही नियोजनवाद्यांना होती. या उणिवा मान्य करूनही प्रश्न उरतोच. स्थानिक आणि ब्रिटिश अन्न सर्वांच्या ताटात पोहोचवण्याची यंत्रणा एकदा त्या देशाने उभारली होती, ॲटली सरकारने १९४७ साली नगरपालिकांना ती पुढे चालवण्याचा अधिकारही दिला होता. ती विरत गेली. २०२३-२४ या वर्षात एकट्या ट्रसेल ट्रस्टच्या अन्नछत्रांनी तातडीच्या शिध्याची ३१ लाखांवर पाकिटे वाटली. या ट्रस्टचे पहिले अन्नछत्र २००० साली सॉल्सबरीत निघाले. सॉल्सबरी डॉर्सेटच्या शेजारच्याच परगण्यात आहे. त्या पाकिटांतले अन्न मुख्यतः डबाबंद असते. त्यावर कोणत्या झऱ्याचे नाव लिहिणार?

काही ठिकाणी लोकांनी स्वतः हात-पाय हलवले आहेत. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट गावचा ‘ओल्ड क्राउन’ हा पब २००३ साली शंभरावर लोकांनी भागभांडवल जमवून सहकारी तत्त्वावर विकत घेतला. आता असे दीडशेहून अधिक पब गावांच्या मालकीचे आहेत. २०११ च्या एका कायद्याने गावाला जागा विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सहा महिन्यांची सवलत मिळू शकते. सहकाराचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना याचे मर्म आणि मर्यादा दोन्ही कळतील. ज्या गावात भाग घेण्याइतके पैसे असलेली माणसे उरली आहेत तेथेच हे शक्य होते. पण पंचेचाळीस हजारांत दीडशे हे नगण्य म्हणून सोडून देऊ नयेत. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली दुकान उघडले तेव्हा तेही अठ्ठावीसच होते असे सांगतात.

आमचे बिल तिघांचे मिळून १८६ पौंड झाले. माणशी ६२. २०२५ च्या एप्रिलपासून तेथे प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. म्हणजे एका माणसाच्या जेवणाला पाच तासांहून अधिक मजुरी. भाच्याने ते मला दिसू नये म्हणून तळहाताखाली झाकले होते, पण माझी नजर अजून शाबूत आहे. बक्षिशीचे पैसे कोणाला जातात असे मी वाढणाऱ्या मुलीला विचारले. २०२४ च्या ऑक्टोबरपासून कायदाच आहे, ते सारे कामगारांतच वाटावे लागतात, असे तिने सांगितले, आणि भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो हे आपण होऊन जोडले. मला बरे वाटले. मग मी विचारले की हा ससा कोणी धरला आणि हा कंद कोणी काढला, हे तिला माहीत आहे का. सूनबाईंनी भाच्याकडे पाहिले. मुलगी हसली नाही. “थांबा, विचारून येते,” म्हणून आत गेली.

ती परत आली ती आचाऱ्यालाच घेऊन. तो तिशीचा, घामाने डबडबलेला तरुण होता. ससे शेजारच्या गावचा एक निवृत्त शेतगडी आणतो, मागच्या दाराने, आचाऱ्याने त्याचे नाव सांगितले, तो कुठे राहतो तेही, आणि दाराजवळच्या स्टुलाकडे बोट करून म्हणाला, “तो काय, तिथे बसला आहे.” स्वीडविषयी विचारताच मात्र तो थबकला. ते एजन्सीची माणसे काढतात, म्हणाला, दर हंगामाला वेगळी असतात. नावे शेतावर विचारावी लागतील.